मनगटावरचे पन्नास वाव

भोसरीतल्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये डोकावा. एका कोपऱ्यात कॉम्प्रेसर धडधडत असतो आणि त्याच्या टाकीवर एक गोल गेज असतं. काटा बहुधा सहा-सातच्या आसपास. त्या हवेवर नट आवळले जातात, फिक्श्चरमधल्या चिप्स उडवल्या जातात, पण काट्याकडे कुणी सहसा बघत नाही. आता तोच आकडा समुद्राच्या हिशेबात मांडून बघा. पाण्यात दर दहा मीटर खोलीला दाब दर चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलोने वाढतो. म्हणजे गेजवरचे सहा किलो म्हणजे डोक्यावर साठ मीटर पाणी.

आता एक घड्याळ घ्या. काचेचा व्यास तीन सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सात चौरस सेंटिमीटरच्या आसपास. शंभर मीटर खोलीवर या इवल्याशा काचेवर सत्तर किलोचा भार येतो. दोनशे मीटरवर एकशे चाळीस. दोन धडधाकट माणसं काचेवर उभी राहावीत, तसं. आणि काचेखाली काय, तर केसाहून बारीक स्प्रिंग, मोहरीएवढे खडे आणि तेलाचे टाचणीच्या टोकाएवढे थेंब. पाण्याचा एक कण आत शिरला तरी सगळं गंजायला आठवडा पुरतो.

पाण्याखाली काम करणाऱ्यांसाठी बनलेली ही घड्याळं म्हणजे ‘डायव्हर’. त्यातही साधारण १९५० ते १९८० या काळातली जुनी डायव्हर घड्याळं हौसेने जमवणारे लोक जगभर आहेत. आकर्षण कशाचं, असं विचारलं की बहुतेक जण सौंदर्य, आठवणी, गुंतवणूक अशी उत्तरं देतात. मला वाटतं, खरं उत्तर पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या माणसाला चटकन कळेल, कारण ते ड्रॉइंगच्या भाषेत आहे: या घड्याळावर शोभेसाठी म्हणून काही नव्हतं. जे आहे त्याला कारण आहे. आणि ज्याला कारण असतं, त्याची खरी-खोटी तपासणी करता येते.

गंमत अशी की गाड्यांच्या जुळणीच्या लाइनवर मनगटी घड्याळ चालतच नाही. रंगाला ओरखडा पडतो म्हणून घड्याळ, अंगठी, उघडं बकल सगळं बाहेर. फिरत्या मशीनवर तर ते जिवाशीच येतं. त्यामुळे दिवसभर मायक्रॉनमध्ये बोलणाऱ्या माणसाच्या मनगटावर घड्याळ येतं ते सुट्टीच्या दिवशीच. मग ते निवडताना तो चोखंदळ झाला तर नवल नाही.

वेळ सांगायला वर कुणी नव्हतं

घड्याळ पाण्यापासून वाचवायचे प्रयत्न डायव्हिंगच्या आधीपासूनचे आहेत. १९२६ मध्ये रोलेक्सने ‘ऑयस्टर’ केस आणली. झाकण आट्यांवर, चावीसुद्धा आट्यांवर. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्लिश जलतरणपटूने ते घड्याळ गळ्यात बांधून इंग्लिश खाडीत उडी घेतली. थंडीमुळे दहा तासांहून अधिक पोहल्यावर तिला पाण्याबाहेर यावं लागलं, पण घड्याळ चालू होतं आणि कंपनीने त्याची वर्तमानपत्रात पानभर जाहिरात केली.

तरी ते पोहण्याचं घड्याळ होतं, बुडी मारण्याचं नव्हे. बुडी मारणाऱ्याला घड्याळाची गरजच नव्हती. पितळी शिरस्त्राण घालून उतरणाऱ्या पाणबुड्याला वरून नळीने हवा मिळायची आणि वेळ बघायला होडीत माणसं असायची. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जॅक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी ‘अ‍ॅक्वालंग’ तयार केलं आणि चित्र पालटलं. आता हवा पाठीवरच्या टाकीत होती. माणूस मोकळा झाला आणि एकटाही पडला. हवा किती वेळ पुरेल आणि खाली किती वेळ थांबलेलं चालेल, हे दोन्ही हिशेब त्याचे त्यालाच ठेवायचे होते. दुसरा हिशेब पहिल्याहून कडक. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर आल्यास बुडबुडे होऊन बाहेर पडतो, सोडावॉटरची बाटली उघडावी तसा. तीस मीटर खोलीवर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं काढून सरळ वर येता येतं. त्याहून जास्त थांबलं तर टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत वर यावं लागतं.

ब्लांपां या स्विस कंपनीचे प्रमुख जाँ-जाक फिश्तेर स्वतः हौशी डायव्हर होते. दक्षिण फ्रान्समध्ये बुडी मारताना वेळेचं भान सुटलं, हवा संपली आणि घाईने वर यावं लागलं. त्या अनुभवातून त्यांनी पाण्याखालच्या घड्याळाचा विचार सुरू केला. त्याच सुमारास फ्रेंच सैन्याच्या पाणबुड्या सैनिकांची तुकडी उभारणारे रोबेर मालूबिए आणि क्लोद रिफो असंच घड्याळ शोधत होते. त्यांची मागणीची यादी साधी होती: काळी तबकडी, ठळक आकडे, अंधारात चमकणाऱ्या खुणा, भोवती फिरणारी कडी. १९५३ मध्ये त्यातून ‘फिफ्टी फॅदम्स’ झालं.

फॅदम म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दोन्ही हात पसरल्यावर एका हाताच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव, आणि फॅदमही तेच. पाण्यात सोडलेली दोरी हातांनी मोजत वर घ्यायची पद्धत मालवणातही होती आणि इंग्लंडातही. पन्नास वाव म्हणजे साधारण एक्याण्णव मीटर; त्या काळी टाकी लावून माणूस जाऊ शकेल तितकी खोली समजली जायची. त्याच सुमारास रोलेक्सचं ‘सबमरीनर’ आणि झोडियाकचं ‘सी वुल्फ’ही आलं. आज डायव्हर म्हणून जे रूप डोळ्यांपुढे येतं, ते दोन-तीन वर्षांत ठरून गेलं आणि सत्तर वर्षांत फारसं बदललेलं नाही. ड्रॉइंग पहिल्यांदाच बरोबर निघालं की रिव्हिजन कमी होतात.

कडी, रबर आणि एक तक्रारपत्र

फिरणारी कडी, म्हणजे बेझेल, ही या घड्याळाची ओळख. बुडी मारताना कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. मग कधीही बघा, काटा कडीवरच्या ज्या आकड्यासमोर असेल तितकी मिनिटं झाली. बेरीज-वजाबाकी नाही, कारण खोल पाण्यात डोकं नीट चालेल याची खात्री नसते. पुष्कळ कड्यांवर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांसाठी एकेक मिनिटाची रेघ असते आणि पुढे फक्त पाच-पाचच्या खुणा. खोल बुडीतली मोलाची मिनिटं तेवढीच.

सुरुवातीच्या बऱ्याच कड्या दोन्ही बाजूंना फिरायच्या. खडकाला धक्का लागून कडी सरकली तर झालेला वेळ कमी दिसण्याचा धोका होता. म्हणून पुढे कडी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच फिरेल अशी केली. आता धक्का लागला तरी वेळ जास्तच दिसणार आणि माणूस लवकर वर येणार. चाकणच्या लाइनवरचा कुणीही याला चटकन पोका-योके म्हणेल. काटेकोर बोलायचं तर हे फेल-सेफ आहे. चूक होऊच नये, असा पोका-योकेचा आग्रह असतो. इथे चूक होणार हे गृहीत धरून ती सुरक्षित बाजूला पडेल अशी व्यवस्था केली आहे.

पाणी अडवायचं काम करतं रबर. झाकणाखाली एक रिंग, काचेखाली एक, चावीच्या नळीत एक. इंजिनपासून सिलिंडरपर्यंत जी ओ-रिंग या पट्ट्यातल्या हजारो हातांतून रोज जाते, तिचीच ही धाकटी बहीण. एर्व्हां पिकेरे या स्विस केस बनवणाऱ्या कंपनीने १९५० च्या दशकात त्यात एक सुंदर युक्ती केली. तिच्या ‘कॉम्प्रेसर’ केसचं झाकण असं बसवलेलं होतं की बाहेरचा दाब वाढेल तसं ते रबरावर आणखी दाबलं जायचं. खोल जावं तशी सील घट्ट. शत्रूच्याच बळावर दार लावून घ्यायचं. या केसच्या झाकणाच्या आत पाणबुड्याच्या शिरस्त्राणाचा छोटा छाप असतो आणि तो दिसला की संग्राहकाचा चेहरा खुलतो.

रबराची दुसरी गोष्ट अधिक रंजक आहे. आठवडेच्या आठवडे दाबाखाली राहून काम करणारे पाणबुडे हेलियम मिसळलेली हवा घेतात. मुंबई हायवर, जिथे १९७४ मध्ये तेल सापडलं आणि जिथे समुद्र साधारण पंचाहत्तर मीटर खोल आहे, अशा बुडीचं काम चालतं. हे लोक मधल्या वेळेत जहाजावरच्या दाबाच्या खोलीत राहतात. तिथे पाणी नसतं, पण हेलियम असतं, आणि हेलियमचे अणू इतके लहान की ते रबरातून झिरपून घड्याळात शिरतात. खोलीचा दाब उतरवू लागलं की आत अडकलेला वायू बाहेर यायला बघतो आणि काच टप्पकन उडते.

यावर स्विसांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस उपाय काढला तो केसला छोटा व्हॉल्व्ह बसवण्याचा. जपानी उपाय वेगळा. १९६८ मध्ये हिरोशिमाजवळच्या कुरे इथल्या एका पाणबुड्याने सेइकोला पत्र लिहिलं: तीनशे मीटरपलीकडच्या अशा कामात तुमचं घड्याळ टिकत नाही. कंपनीने सात वर्षं घालवली. १९७५ मध्ये सहाशे मीटरचं नवं घड्याळ आलं. केस टायटॅनियमची आणि मागून उघडायची सोयच नाही. काचेच्या सीलचा आकार असा की हेलियम आत शिरायलाच वाव नको, मग बाहेर सोडायला व्हॉल्व्ह कशाला? ग्राहकाच्या तक्रारीवर एट-डी रिपोर्ट लिहिणाऱ्या चाकणच्या कुठल्याही क्वालिटी इंजिनिअरने हे घड्याळ एकदा हातात घेऊन बघावं. मुळावर घाव घातला की काय होतं, ते त्यात दिसतं.

समुद्र फक्त नावात

महाराष्ट्रात मात्र जुन्या घरांच्या कपाटांत डायव्हर सापडणं दुर्मीळ. सापडतं ते एचएमटी. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूला कारखाना सुरू झाला आणि चावीचं ‘जनता’ घरोघरी गेलं. त्याखालोखाल सापडतं ‘फेवर लुबा’. या स्विस नावाचा उच्चार आपल्याकडे असाच रुळला. १७३७ पासूनची परंपरा सांगणाऱ्या या घराण्याने १८६५ मध्येच मुंबईत बस्तान बसवलं. त्यामुळे सोयरिकीत, बढतीत, निवृत्तीत ‘सी किंग’, ‘सी चीफ’, ‘सी बर्ड’ मनगटांवर आली.

नावं सगळी समुद्राची, पण ही डायव्हर नव्हेत. पातळ, देखणी, बहुधा चावीची घड्याळं. तबकडीवर किंवा पाठीवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असायचं. ते वचन होतं मुंबईच्या पावसाचं आणि लोकलमधल्या घामाचं, समुद्रतळाचं नव्हे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘वॉटरप्रूफ’ या शब्दालाच हरकत घेतली गेली, कारण पाण्याला कायमचं अभेद्य असं काही नसतं. तेव्हापासून ‘वॉटर रेझिस्टंट’ असं नेमस्त लिहायची रीत पडली. त्यामुळे घड्याळावर ‘वॉटरप्रूफ’ दिसलं तर ते कोणत्या काळातलं, याचा एक सुगावा लागतो.

पण याच कंपनीने खरीखुरी समुद्राची घड्याळंही केली. १९६४ मध्ये ‘डीप ब्लू’ आलं. आणि १९६८ चं ‘बॅथी’ तर वेळेसोबत खोलीही दाखवायचं. मागच्या झाकणातून पाणी आत घेऊन ते एका लवचीक पडद्यावर दाबू द्यायचं आणि पडदा जितका आत जाईल तितका काटा सरकवायचा. पन्नास मीटरपर्यंत. म्हणजे मनगटावर चक्क प्रेशर गेज. ज्या पाण्याला बाहेर ठेवण्यासाठी सगळी घड्याळं झगडत होती, त्याला या घड्याळाने मोजमापासाठी आत बोलावलं, फक्त दाराशीच थांबवलं. २०११ मध्ये ‘फेवर लुबा’ हे नाव टाटांच्या टायटनने घेतलं आणि २०२३ मध्ये ते एथॉस समूहाकडे गेलं. स्विस घड्याळाचं दैव दीडशे वर्षांनी पुन्हा भारताशी जोडलं गेलं.

खरी डायव्हर घड्याळं इथे आली ती आडवाटेने. आयात बंद किंवा जबर जकातीची, तेव्हा जपानी घड्याळं आखातातून परतणाऱ्यांच्या सामानात, नाहीतर सोन्याच्या बिस्किटांसोबत किनाऱ्यावर उतरायची. म्हणून पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी, आणि मुंबईच्या चोर बाजारात, अजूनही एखादं सेइको हाताला लागतं. लागतं खरं, पण कशा अवस्थेत?

‘मुंबई स्पेशल’

जगभरचे संग्राहक एक शब्द वापरतात आणि तो आपल्याला फारसा भूषणावह नाही: ‘मुंबई स्पेशल’. जुनं घड्याळ घ्यायचं, तबकडी खरवडून नव्याने रंगवायची, तीही भडक निळी, केशरी, पोपटी. काटे दुसऱ्याचे, चावी तिसऱ्याची, केसला बफ मारून आरशासारखी चकाकी आणि मग ‘व्हिंटेज’ म्हणून परदेशी धाडायचं. एचएमटी, सेइको, फेवर लुबा, सगळ्यांच्या वाट्याला हे आलं आहे.

याकडे नुसतं फसवणूक म्हणून बघणं मात्र अपुरं आहे. सुटे भाग मिळत नव्हते, नवं घड्याळ परवडत नव्हतं, तेव्हा घड्याळजींनी चार मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत केलं. तबकडी काळी पडली तर रंगवून दिली. गिऱ्हाईकाला वेळ बघायची होती, इतिहास नव्हे. स्कूटरला दुसऱ्या मेकचा कार्बुरेटर बसवून ती वीस वर्षं पळवणाऱ्या मेकॅनिकला कुणी लबाड म्हणत नाही. लबाडी सुरू होते ती जुळवलेलं घड्याळ ‘अस्सल’ म्हणून विकताना.

तर अस्सल ओळखायचं कसं? समजा, जुन्या बाजारात एका चादरीवर सेइकोचं ६३०९-७०४० पडलेलं आहे. उशीसारखी फुगीर केस, चावी तीनऐवजी चारच्या जागी, म्हणजे मनगट वाकवल्यावर हाताच्या पाठीला टोचणार नाही. हे मॉडेल १९७६ ते १९८८ या काळात बनलं. आधी पाठ बघा. सहा अंकी क्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. महिने एक ते नऊ आकड्यांनी आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हे ओ, एन, डी या इंग्रजी अक्षरांनी. क्रमांक ‘२एन’ने सुरू होत असेल तर घड्याळ नोव्हेंबर १९८२ चं. पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली त्याच वर्षीचं. हीट कोड, बॅच नंबर वाचायची सवय असलेल्याला हे लगेच जमतं.

मग केसच्या कडा. मूळ केसवर चकाकती आणि रेघांची पृष्ठं एका धारदार रेषेत भेटतात. बफिंग झालं की ती रेषा साबणाच्या वडीसारखी गोल होते. ओरखडे राहिले तरी चालतात, धार गेली की ती परत येत नाही. ग्राइंडिंग करणाऱ्याला हे ठाऊकच आहे: मटेरियल काढता येतं, घालता येत नाही.

नंतर तबकडी, भिंगाखाली. मूळ छपाईची अक्षरं सुबक, कडा स्वच्छ, शब्दांमधलं अंतर सारखं. रंगवलेल्या तबकडीवर अक्षरं जाड, किंचित पसरलेली, मिनिटांच्या रेघा खुणांपासून सरकलेल्या. शेवटी प्रकाश. काटे आणि तबकडी यांवरचा चमकणारा लेप एकाच वयाचा असेल तर दोघांचा रंगही एकाच दिशेने पिवळसर झालेला असतो. तबकडी हळदीच्या रंगाची आणि काटे पांढरेशुभ्र, तर काटे बदलले आहेत. टॉर्च मारून अंधारात धरा. घड्याळ पहाटेपर्यंत हिरवंगार चमकत राहिलं तर आनंद मानू नका. तसा टिकाऊ लेप जपानमध्ये १९९३ नंतरचा आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या घड्याळावर तो कुणीतरी नंतर लावला आहे.

लेपाबाबत एक सावधगिरीही हवी. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक घड्याळांवर रेडियम असायचं. त्याची चमक केव्हाच विझलेली असते, कारण सोबतचा चमकणारा पदार्थ जळून जातो. पण रेडियम निम्मं व्हायलाच साधारण सोळाशे वर्षं लागतात. बंद घड्याळ कपाटात ठेवायला हरकत नाही, पण ते उघडून लेप खरवडणं, फुंकर मारणं, हे घरी करायचं काम नव्हे. पुढे रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. त्याची खूण म्हणून तबकडीच्या तळाशी छोटा इंग्रजी ‘टी’ असतो. ट्रिटियमचं अर्धं आयुष्य सव्वाबारा वर्षांचं, त्यामुळे १९७० च्या घड्याळात ते आज विसाव्या हिश्श्याहूनही कमी उरलं आहे.

पाण्यात घालायचं का?

छंद लागलेल्याला हा प्रश्न पहिल्या महिन्यातच पडतो. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा संस्था आहे, दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडून गाड्या भरून तिकडे जातात. डायव्हर घड्याळ घालून खरीच बुडी मारली तर?

उत्तर आहे नाही, आणि कारण रबराचं. रबर दाबाखाली वर्षानुवर्षं राहिलं की कडक होतं, चपटं होतं आणि परत उसळत नाही. चावीच्या आट्या झिजतात. केसला बारीक खड्डे पडलेले असतात, तिथे सील टेकतच नाही. तबकडीवर लिहिलेले १५० मीटर हा त्या घड्याळाचा जन्मदाखला आहे, आजचं फिटनेस सर्टिफिकेट नव्हे.

आजच्या डायव्हर घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे मानक आहे. किमान शंभर मीटर, आणि चाचणी लिहिलेल्या आकड्याच्या सव्वापट दाबाला. बॉयलरची हायड्रो टेस्ट दीडपट दाबाला बघणाऱ्यांना हा विचार परका नाही. अंधारात पंचवीस सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे आणि घड्याळ चालू आहे हेही दिसलं पाहिजे. सेकंदकाट्यावरचा तो चमकता ठिपका शोभेचा नाही. बंद पडलेल्या घड्याळावर विसंबणं हे घड्याळ नसण्याहून वाईट.

या मानकातली सर्वांत साधी चाचणी घरगुती वाटावी अशी आहे. घड्याळ कोमट, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या पट्टीवर ठेवायचं. ते तापलं की काचेवर गार पाण्याचा एक थेंब टाकायचा. मिनिटभराने थेंब पुसायचा. काचेच्या आतून धुकं दिसलं तर आत ओलावा आहे. पावसाळ्यात मोटरसायकलच्या हेडलॅम्पच्या आत जे धुकं धरतं, तेच हे.

दुसरी चाचणी चांगल्या घड्याळजीकडे बघायला मिळते आणि ती बघण्यासारखी असते. जाड पारदर्शक भांड्यात अर्धं पाणी, वर हवा. घड्याळ आधी हवेत टांगायचं आणि पंपाने दाब वाढवायचा. गळती असेल तर दाबलेली हवा घड्याळात शिरते. काही मिनिटांनी घड्याळ पाण्यात सोडायचं आणि दाब हळूहळू उतरवायचा. आता शिरलेली हवा बाहेर येऊ लागते. कुठून? जिथून बुडबुड्यांची माळ निघेल तिथून. चावीजवळून निघाली तर चावीचं रबर, काचेच्या कडेने निघाली तर काचेचं. पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवून बघतो तसंच, फक्त क्रम असा हुशारीचा की पाणी आत जाण्याची भीती नाही. बुडबुडे दिसताच घड्याळ दाब पूर्ण उतरण्याआधी वर उचलायचं, एवढं पथ्य पाळलं की झालं.

आणि खरं सांगायचं तर पाण्याखाली त्याची गरजही उरलेली नाही. १९८३ पासून डायव्ह कॉम्प्युटर बाजारात येऊ लागले आणि खोली, वेळ, नायट्रोजन यांचा हिशेब एका पडद्यावर आला. अवजार म्हणून डायव्हर घड्याळाची नोकरी तिथेच संपली. लेथवर सीएनसी आल्यावर जुनं व्हर्निअर खणात गेलं, तसं. पण व्हर्निअर टाकून कुणी देत नाही. डोळे आणि हात यांच्यावर भरवसा ठेवणाऱ्या काळाची ती खूण असते.

हिस्ट्री कार्ड

मग हा छंद करणाऱ्याने नेमकं काय जपायचं? काही जण घड्याळ कोरं करकरीत करून घेतात: नवी तबकडी, नवे काटे, चकाकती केस. दिसायला झकास, पण आता ते १९८२ चं उरलं का? दुसरे इतके सोवळे की गंजका स्क्रूही बदलू देत नाहीत, आणि घड्याळ आतल्या आत मरतं. दोन्ही टोकं टाळायची वाट शॉपफ्लोअरवर आधीपासून आहे. प्रत्येक मोठ्या मशीनला एक हिस्ट्री कार्ड असतं. कधी बसवलं, कधी ओव्हरहॉल झालं, कोणतं बेअरिंग बदललं, कुणी बदललं. मशीन जुनं आहे याची लाज त्या कार्डावर नसते. दुरुस्ती लपवलेली असेल तर मात्र असते.

रबर, तेल, मुख्य स्प्रिंग हे झिजायचेच भाग आहेत, ते बदलायलाच हवेत. तबकडी, काटे, केसच्या कडा हा घड्याळाचा चेहरा आहे, त्याला शक्यतो हात लावू नये. लावावा लागला तर काढलेला जुना भाग छोट्या पाकिटात घालून घड्याळासोबतच ठेवावा. आणि सगळं लिहून ठेवावं. पुढे मुलाला द्याल किंवा कुणाला विकाल, तेव्हा हा कागद कुठल्याही जाहिरातीहून मोलाचा ठरतो. बाजारात ‘मुंबई स्पेशल’ या शब्दाला जी बदनामी चिकटली आहे, तिच्यावर उताराही हाच.

चादरीवरचं ते घड्याळ घरी आलंच, तर त्याचं कार्ड साधारण असं दिसेल:

सेइको ६३०९-७०४०, नोव्हेंबर १९८२.
केस: मूळ, बफिंग नाही, डाव्या बाजूला खोल ओरखडा, तसाच ठेवला.
तबकडी: मूळ.
मिनिट व तास काटे: मूळ. सेकंदकाटा: बदललेला, रंग जुळत नाही.
कडीवरची चकती: नंतरची.
मशीन: साफ करून तेल दिलं. रबर सगळं नवं.
दाब चाचणी: तीन किलोला बुडबुडे नाहीत.
पाण्यात: नाही.